नावातच पत्ता

(मोठ्या शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या आवारात आता वायफायची सोय असते. त्यासाठी लावलेल्या यंत्रांना नावे कशी द्यावीत, हे या पाठात सांगितले आहे. विषय यंत्रांचा असला, तरी नाव ठेवताना कोणाची सोय पाहावी हा प्रश्न आपल्या रोजच्या जीवनातलाही आहे.)

घरात मूल जन्माला आले की पहिली चर्चा होते ती नावाची. आजी एक नाव सुचवते, खाला दुसरे सुचवते, मामूंना तिसरेच आवडते. शेवटी ज्याचा अर्थ चांगला आणि जे कानाला गोड, असे नाव ठेवले जाते. त्या नावावरून मूल कोणत्या गल्लीत राहते हे कळत नाही आणि ते कळण्याची गरजही नसते. मूल मोठे होते, गाव बदलते, शहर बदलते. नाव मात्र त्याच्याबरोबर राहते.

वस्तूला नाव देण्याची रीत वेगळी आहे. वस्तू बिघडली किंवा हवी झाली, तर ती चटकन सापडली पाहिजे. एकाच वर्गात तीन इम्रान असले की गुरुजी हजेरी क्रमांक पुकारतात. रुग्णालयात प्रत्येक खाटेला क्रमांक असतो. रेल्वेच्या डब्याला क्रमांक असतो आणि डब्यातील प्रत्येक आसनालाही असतो. हीसुद्धा नावेच आहेत. ती कौतुकासाठी नसून कामासाठी आहेत, एवढाच फरक.

अशा कामाच्या नावांचा प्रश्न आता विद्यापीठांच्या आवारांत पदोपदी येतो. तेथील व्हरांड्यात, वाचनालयात, प्रयोगशाळेत छताला बसवलेली पांढरी, चपटी खोकी दिसतात. बहुतेकांवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो. या यंत्राला अॅक्सेस पॉइंट म्हणतात. एका बाजूने ते तारेने इंटरनेटला जोडलेले असते. दुसऱ्या बाजूने ते रेडिओ लहरींच्या साहाय्याने आपल्या मोबाइलशी आणि संगणकाशी संपर्क ठेवते. या दुसऱ्या टप्प्यात तार नसते, म्हणून अशा जाळ्याला बिनतारी जाळे म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण त्याला वायफाय म्हणतो.

या लहरी फार दूर जात नाहीत. जाड भिंत, लोखंडी कपाट किंवा सिमेंटचा जिना आडवा आला की त्यांचा जोर कमी होतो. एका यंत्रावर काही थोड्या खोल्यांचे किंवा व्हरांड्याच्या एका भागाचेच काम भागते. त्यामुळे मोठ्या विद्यापीठात अशी शेकडो, कधीकधी हजारो यंत्रे लावावी लागतात. दिसायला ती सगळी सारखीच असतात. मग त्यांना ओळखायचे कसे?

बिनतारी जाळे आणि विद्यापीठ यांचा संबंध तसा जुना आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने वेगवेगळ्या बेटांवरील आपली ठिकाणे रेडिओ लहरींनी मुख्य संगणकाला जोडली. त्या जाळ्याचे नाव होते अलोहानेट. ‘अलोहा’ हा तेथील लोकांचा स्वागताचा शब्द आहे. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आपल्या आवारात ‘वायरलेस अँड्र्यू’ नावाचे जाळे उभारले. ज्यांची नावे या विद्यापीठाला दिली आहेत, त्या कार्नेगी आणि मेलन या दोघांचेही पहिले नाव अँड्र्यू होते.

१९९७ मध्ये बिनतारी जाळ्यांचे सर्वमान्य तांत्रिक नियम प्रसिद्ध झाले. त्या नियमांचे नाव होते ‘आयईईई ८०२.११’. अभियंत्यांना ते नाव ठीक होते, पण दुकानात जाऊन असे नाव कोण सांगणार? म्हणून यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने १९९९ मध्ये नावे तयार करणाऱ्या एका व्यावसायिक संस्थेकडून ‘वाय-फाय’ हे सुटसुटीत नाव करून घेतले. अभियंते आजही ८०२.११ म्हणतात आणि आपण वायफाय म्हणतो. वस्तू एकच, पण नावे दोन: एक जाणकारांसाठी, दुसरे सर्वांसाठी.

आवारातील यंत्रांचा प्रश्नही याच रीतीने सुटतो. तेथेही दोन नावे लागतात. पहिले नाव वायफाय वापरणाऱ्यांसाठी असते. दुसरे नाव वायफायची निगा राखणाऱ्यांसाठी असते. या दोन नावांची गल्लत केली की दोघांचीही गैरसोय होते.

आधी पहिल्या नावाचा विचार करू. मोबाइलमध्ये वायफाय सुरू केले की पडद्यावर आसपासच्या नेटवर्कांची यादी दिसते. त्या यादीतले नाव म्हणजे नेटवर्कचे नाव. तांत्रिक भाषेत त्याला एसएसआयडी म्हणतात. आवारात पाचशे यंत्रे असली, तर हे नाव प्रत्येक यंत्राला वेगळे द्यावे का? प्रथम तसेच वाटते. पण ते सोयीचे नाही.

समजा, एका विद्यार्थिनीचा मोबाइल वाचनालयात जोडला गेला आहे. ती तेथून निघून प्रयोगशाळेत जाते. दोन्हीकडे नेटवर्कचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेची पद्धत एकच असेल, तर मोबाइल आपणहून जवळच्या यंत्राकडे वळतो. तिला काहीच करावे लागत नाही. नावे वेगवेगळी असतील, तर मोबाइलच्या दृष्टीने ती दोन निराळी नेटवर्क ठरतात. तो वाचनालयाच्या क्षीण लहरींनाच चिकटून बसतो. शेवटी संपर्क तुटतो आणि तिला नवे नाव निवडून पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो. म्हणून सर्वांसाठीचे नाव सर्व आवारात एकच ठेवतात.

फार तर विद्यार्थी व शिक्षकांसाठी एक आणि पाहुण्यांसाठी एक अशी दोन-तीन नावे पुरतात. यालाही कारण आहे. प्रत्येक यंत्र आपले प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा लहरींवरून जाहीर करत असते. एकाच यंत्राला आठ-दहा नावे दिली, तर त्याचा बराच वेळ स्वतःची नावे पुकारण्यातच जातो आणि विद्यार्थ्यांच्या कामाला वेळ कमी उरतो.

हे नाव किती मोठे असावे, यालाही मर्यादा आहे. एसएसआयडीसाठी जास्तीत जास्त ३२ बाइट जागा असते. बाइट म्हणजे संगणकातील माहिती मोजण्याचे एक माप. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर १ बाइट जागा घेते, उर्दूचे अक्षर २ बाइट आणि देवनागरीचे ३ बाइट. देवनागरीत काना, वेलांटी, उकार हेसुद्धा वेगळे मोजले जातात. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ, वेलांटी असा पाच चिन्हांचा. त्याला १५ बाइट लागतात. उर्दू लिपीत ‘उर्दू’ हा शब्द अलिफ, रे, दाल, वाव या चार अक्षरांनी लिहितात. त्याला ८ बाइट पुरतात. म्हणजे इंग्रजीत ३२ अक्षरे, उर्दूत १६ अक्षरे आणि देवनागरीत केवळ १० चिन्हे मावतात. आपल्या लिपीत नाव ठेवण्यास हरकत नाही, पण ते आटोपशीर हवे. शिवाय काही जुन्या यंत्रांवर इंग्रजीखेरीज इतर अक्षरे नीट उमटत नाहीत, याचाही विचार करावा लागतो.

एकच नाव ठेवण्याचा फायदा किती मोठा असू शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘एज्युरोम’. एका विद्यापीठातील अभ्यासक दुसऱ्या विद्यापीठात गेला की त्याला तेथे नवा पासवर्ड मागावा लागे. ही अडचण दूर करण्याची कल्पना २००२ मध्ये नेदरलँड्समधील सर्फनेट या संस्थेतील क्लास वीरेंगा यांनी मांडली. त्यातून जी सेवा उभी राहिली, तिचे नेटवर्क सगळीकडे ‘एज्युरोम’ या एकाच नावाने दिसते. पाहुण्याची विनंती यजमान विद्यापीठाकडून त्याच्या स्वतःच्या संस्थेकडे जाते. ती संस्था ‘हा आमचाच विद्यार्थी आहे’ असे कळवते आणि संपर्क जुळतो. आज शंभराहून अधिक देशांत ही सेवा आहे. भारतात ती अर्नेट इंडिया ही संस्था चालवते. आपल्याकडील रेल्वे स्थानकांवरही हेच तत्त्व दिसते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून प्रवाशांसाठी वायफाय सुरू झाले. पुढे ते हजारो स्थानकांवर पोहोचले, पण नेटवर्कचे नाव ‘रेलवायर’ हेच राहिले.

आता दुसऱ्या नावाकडे वळू. हे नाव प्रत्येक यंत्राचे स्वतःचे असते. निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर सगळ्या यंत्रांची यादी असते. एखादे यंत्र बंद पडले की त्याचे नाव लाल अक्षरांत दिसू लागते.

समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. दुपारचे चार वाजले आहेत. विज्ञान शाखेच्या इमारतीत चाळीस मुले अर्ज भरत आहेत आणि अचानक संपर्क तुटतो. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सूचना येते: ‘गुलाब बंद आहे.’ गुलाब कोठे आहे? ज्याने यंत्रांना फुलांची नावे दिली, तो नोकरी सोडून गेला आहे. मग शिडी घेऊन एकेका व्हरांड्यात शोध सुरू होतो. तोपर्यंत पाच वाजतात. नाव सुंदर होते, पण गरजेच्या वेळी त्याने काहीच सांगितले नाही.

फुलांची नावे ठेवण्याची ही पद्धत पूर्वी संगणकांच्या बाबतीत चालत असे. १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी संगणकाला नाव कसे द्यावे यावर एक छोटी मार्गदर्शिका लिहिली. रंग, फुले, मूलद्रव्ये अशा एखाद्या विषयातून नावे निवडावीत, असा सल्ला त्यात आहे. तो सल्ला त्या काळी योग्यच होता. संगणक थोडे होते आणि ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवले जात. जी वस्तू हलते, तिला जागेचे नाव देऊन उपयोग नसतो. अॅक्सेस पॉइंट मात्र छताला पक्का बसवलेला असतो. त्याचे काम त्या जागेशीच बांधलेले असते. म्हणून त्याला जागेचेच नाव हवे.

जागा सांगणाऱ्या नावाचा एक चांगला नमुना आपल्या देशात रोज वापरला जातो. तो म्हणजे पिन कोड. आपल्याकडे एकाच नावाची अनेक गावे आहेत. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे आणि वाशीम जिल्ह्यातही आहे. त्यात पत्ते निरनिराळ्या लिपींत आणि नाना तऱ्हेच्या अक्षरांत लिहिलेले. त्यामुळे टपाल चुकीच्या गावी जाण्याचा धोका असे. यावर केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकांची योजना तयार केली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा पिन कोड ४२३२०३ आहे. पहिला अंक ४ देशाचा विभाग सांगतो. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा कळतो. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. वाशीमकडच्या मालेगावचा पिन कोड ४४४ ने सुरू होतो. नाव एक असूनही घोटाळा होत नाही.

पिन कोडमध्ये आधी मोठा प्रदेश, मग लहान प्रदेश आणि शेवटी नेमके ठिकाण असा क्रम असतो. यंत्राच्या नावातही हाच क्रम ठेवतात: इमारत, मजला, खोली आणि त्या खोलीतील यंत्राचा क्रमांक. प्रत्यक्षात ही नावे बहुधा इंग्रजी अक्षरे, अंक आणि छोटी आडवी रेघ वापरून लिहितात. आपण येथे देवनागरीत लिहू. ‘इ०३-म०२-ख२१४-०१’ हे नाव पाहा. तीन क्रमांकाची इमारत, दुसरा मजला, खोली क्रमांक २१४, त्यातील पहिले यंत्र. पडद्यावर असे नाव लाल झाले असते, तर कर्मचारी पाच मिनिटांत त्या खोलीत पोहोचला असता.

हा क्रम ठेवल्याने आणखी एक लाभ होतो. संगणक नावांची यादी लावतो तेव्हा एका इमारतीची यंत्रे आपोआप एकत्र येतात. एका मजल्यावरील सर्व नावे एकदम लाल झाली, तर बिघाड यंत्रांत नसून त्या मजल्याच्या तारेत किंवा विजेत असावा, हे बसल्या जागी लक्षात येते.

अंक लिहिताना १ ऐवजी ०१ लिहावे. संगणक पुष्कळदा नाव अक्षर-अक्षर पाहून लावतो. त्यामुळे साधे अंक लिहिले तर १, १०, ११, २ असा उलटसुलट क्रम होतो. ०१, ०२, १०, ११ असे लिहिले की क्रम बरोबर येतो.

मजला मोजण्याची रीतही आधी ठरवावी लागते. आपण रस्त्याच्या पातळीवरील मजल्याला तळमजला म्हणतो आणि त्याच्या वरच्याला पहिला मजला. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. म्हणून तळमजल्यासाठी ०० लिहावे आणि तसे नियमात नमूद करावे.

‘डावीकडचे’ आणि ‘उजवीकडचे’ हे शब्द नावात वापरू नयेत. माणसाने तोंड फिरवले की डावे उजवे होते. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या दिशा कोणाच्या उभे राहण्यावर अवलंबून नसतात.

मैदानात खोली क्रमांक नसतो, तेथे खांबाचा क्रमांक घ्यावा. विजेवर चालणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेला जे खांब असतात, त्यांवरील अंक कधी निरखून पाहा. त्यांत किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधील खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. ओसाड माळावर गाडी थांबली, तरी तेवढ्या अंकांवरून ती कोठे उभी आहे हे सांगता येते.

सारखी दिसणारी अक्षरेही टाळावीत. उर्दूत बे, पे, ते, से यांचा आकार एकच असतो. फरक फक्त नुक्त्यांचा. एक नुक्ता राहून गेला तर शब्द बदलतो. इंग्रजीत ‘ओ’ हे अक्षर आणि शून्य, तसेच ‘आय’ हे अक्षर आणि एक हा अंक असाच घोटाळा करतात. हे नाव कधीतरी कोणी फोनवरून वाचून दाखवणार आहे, हे ध्यानात ठेवावे.

जे वारंवार बदलते, तेही नावात घालू नये. इमारतींची नावे बदलतात. ‘जुनी इमारत’ पाडली जाते आणि ‘नवी इमारत’ काही वर्षांनी जुनी होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले. स्थानक जागेवरच राहिले, पण पाट्या, तिकिटे आणि वेळापत्रके बदलावी लागली. यंत्राच्या नावात इमारतीचा नकाशावरील क्रमांक असेल, तर इमारतीच्या दारावर कोणाचेही नाव लागले तरी यादी बदलावी लागत नाही.

यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, हेही नावात नको. यंत्र जुने झाले की नवे बसवतात. शाळेत मुख्याध्यापक बदलतात, पण ‘मुख्याध्यापक’ हे पद राहते. तसेच येथे आहे. ‘इ०३-म०२-ख२१४-०१’ हे पदाचे नाव समजा. त्या पदावर आज एक यंत्र आहे, पाच वर्षांनी दुसरे येईल. यंत्राची स्वतःची ओळख त्याच्या आत असतेच. कारखान्यातून निघताना त्याला मॅक पत्ता मिळतो. तो ४८ बिटांचा असतो आणि बारा अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांनी लिहितात. संगणकाला तो सोयीचा आहे, पण माणसाच्या लक्षात राहणारा नाही.

एक नाव दोन जागी असू नये, हा नियम तर सर्वांत महत्त्वाचा. दादर स्थानकाचे उदाहरण घ्या. तेथे पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांचे फलाट शेजारी-शेजारी आहेत. पूर्वी दोन्हीकडे फलाट क्रमांक १ पासून सुरू होत. ‘दादरला तीन नंबरवर उभा राहा’ असा निरोप मिळाला, तर कोणता तीन नंबर, हा प्रश्न पडे. नवखे प्रवासी सामान घेऊन पुलावरून इकडून तिकडे धावत. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ क्रमांक तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले गेले. रुळांची जागा बदलली नाही. फक्त क्रमांक बदलले आणि गोंधळाचे मूळ गेले.

नाव आणि सुरक्षितता यांचाही जवळचा संबंध आहे. काही कंपन्यांची यंत्रे आपले दुसरे नावही लहरींवरून पाठवतात. योग्य साधन असलेल्या कोणालाही ते वाचता येते. म्हणून ‘प्रश्नपत्रिकांची खोली’ किंवा ‘रोख रकमेचे कपाट’ असे शब्द त्यात कधीही घालू नयेत. जे आपण दाराबाहेर पाटीवर लिहिणार नाही, ते यंत्राच्या नावातही लिहू नये.

नेटवर्कचे नाव सर्वांना दिसते, म्हणून त्यात थट्टा किंवा धमकी तर मुळीच नसावी. एप्रिल २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून पर्थला निघालेल्या एका विमानात एका प्रवाशाला मोबाइलवर स्फोटक यंत्राचा अर्थ असलेले नेटवर्कचे नाव दिसले. ते कोणाचे हे कळेना. प्रवासी घाबरले, काही जण विमानातून उतरून गेले आणि उड्डाणाला उशीर झाला. स्फोटक काहीच नव्हते. होते ते फक्त एक नाव.

विद्यार्थी मित्रांनो, आणखी एक गोष्ट तुमच्या स्वतःच्या उपयोगाची आहे. नेटवर्कच्या नावाची नक्कल कोणालाही करता येते. उपाहारगृहात बसलेला एखादा माणूस आपल्या मोबाइलवर तुमच्या महाविद्यालयाच्या नावाचे नेटवर्क सुरू करू शकतो. नाव ओळखीचे दिसले म्हणून माणूस ओळखीचा ठरत नाही, तसेच हे आहे. नेहमी पासवर्ड मागणारे नेटवर्क एखाद्या दिवशी पासवर्डशिवाय उघडे दिसले, किंवा मोबाइलने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर तेथेच थांबावे आणि कार्यालयात विचारावे. काहींना वाटते, नाव लपवून ठेवले की नेटवर्क सुरक्षित होते. तसे होत नाही. उलट लपवलेले नेटवर्क शोधण्यासाठी मोबाइलच जागोजागी त्याचे नाव पुकारत फिरतो. खरी सुरक्षितता चांगल्या पासवर्डात आणि योग्य तपासणीत असते, लपवाछपवीत नसते.

नावे ठरली, म्हणजे काम संपले असे नाही. ठरवलेला नियम एका पानावर लिहून ठेवावा. प्रत्येक यंत्रावर त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी खालून वाचता येईल अशी चिकटवावी. यंत्र हलवले तर नाव त्याच दिवशी बदलावे. नावात एक आणि जागा दुसरी, यापेक्षा नाव नसलेले बरे. कारण नाव नसेल तर माणूस निदान विचारतो, खोटे नाव मात्र त्याला भलतीकडे नेते.

नाव चांगले आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी परीक्षा आहे. ते नाव आणि तो नियम लिहिलेले पान कालच कामावर आलेल्या शिपायाच्या हाती द्या. कोणालाही न विचारता तो त्या यंत्राखाली जाऊन उभा राहिला, तर नाव उत्तीर्ण झाले. नाव ठेवणाऱ्याला ते यंत्र कोठे आहे हे ठाऊकच असते; त्याला नावाची गरज नसते. गरज असते ती नंतर येणाऱ्याला, नवख्याला, घाईत असलेल्याला. वहीवर विषय आणि तुकडी लिहिताना, औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावताना, घराचा पत्ता सांगतानाही हेच लक्षात ठेवावे. आपण लिहिलेले दुसऱ्याला आपल्याशिवाय कळले पाहिजे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) अलोहानेट हे जाळे कोणत्या विद्यापीठाने उभारले?
(२) पिन कोडची योजना कोणी तयार केली?
(३) एसएसआयडीसाठी जास्तीत जास्त किती बाइट जागा असते?

प्र. २. कारणे द्या.
(१) सर्व आवारात नेटवर्कचे नाव एकच ठेवतात.
(२) यंत्राच्या नावात ‘डावीकडचे’ हा शब्द वापरू नये.
(३) दादर स्थानकातील मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलले.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) संगणकाला फुलाचे नाव चालते, पण अॅक्सेस पॉइंटला चालत नाही, असे लेखकाला का वाटते?
(२) नेटवर्कचे नाव ओळखीचे असले तरी सावध का राहावे?

प्र. ४. ‘इ०५-म००-ख०१२-०२’ या नावावरून यंत्राची जागा सांगा.

उपक्रम : तुमच्या शाळेतील सर्व पंख्यांना नावे देण्याचा नियम गटात बसून तयार करा. तो नियम दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्याला द्या आणि एक नाव सांगून त्याला तो पंखा शोधायला सांगा.